हाताचं वळण आणि फॉर लूप

"एआयनं काढलेलं चित्र ही कला का?" हा वाद आता इतका शिळा झालाय की कँटीनमध्ये चहा टेबलावर यायच्या आत दोन्ही बाजूंचे मुद्दे संपतात. एक जण म्हणतो, बटण दाबलं की चित्र येतं, त्यात कसली आलीय कला? दुसरा म्हणतो, कॅमेरा आला तेव्हाही लोक हेच म्हणाले होते. तिसऱ्याची मीटिंग असते, तो उठतो. संपला वाद.

गंमत म्हणजे हा वाद चॅटबॉटपेक्षा, फोटोशॉपपेक्षा, आपल्या टेबलावर मॉनिटर येण्यापेक्षाही जुना आहे. साठ वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा झाला, तेव्हा एका चित्रकारानं एक प्रश्न विचारला होता आणि एका प्रोग्रॅमरनं त्याला एका वाक्यात उत्तर दिलं होतं. त्यानंतर या विषयावर पुष्कळ छापून आलं, पण माझ्या मते त्या उत्तराच्या पुढे फारसं कोणी गेलेलं नाही. या वीकेंडला त्याच उत्तराबद्दल.

गोष्ट आहे पश्चिम जर्मनीतल्या स्टुटगार्टची. तिथल्या तंत्रविद्यालयात माक्स बेन्से नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. शॅननचा माहिती सिद्धांत वापरून सौंदर्याचं गणित मांडता येईल का, या विचारानं झपाटलेला माणूस. त्यांच्या विभागाची एक छोटी गॅलरी होती. ५ फेब्रुवारी १९६५ रोजी तिथं गेऑर्ग नेस यांच्या रेखाटनांचं प्रदर्शन उघडलं. कॉम्प्युटरनं काढलेल्या चित्रांचं जगातलं पहिलं प्रदर्शन म्हणून साधारणपणे याच प्रदर्शनाचं नाव घेतात.

हे नेस चित्रकार नव्हते. आपल्यातलेच. म्हणजे एर्लांगेनला सीमेन्स कंपनीत नोकरी करणारे गणिती. वय ३८. आल्गोल भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, कॉम्प्युटरनं त्याची पंच केलेली कागदी पट्टी काढून द्यायची आणि ती पट्टी ग्राफोमाट झेड-६४ नावाच्या यंत्राला भरवायची. हा ग्राफोमाट म्हणजे एक मोठं टेबल, त्यावर कागद आणि कागदावर सरकणारं पेन. आज आपण ज्याला प्लॉटर म्हणतो तो. बनवणारी कंपनी कोनराड त्सूझेची. हाच तो त्सूझे, ज्यानं १९४१ साली बर्लिनमध्ये झेड-३ हा कॉम्प्युटर उभा केला होता. टेबल तयार केलं होतं नकाशे आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंगसाठी. नेस यांनी त्यावर कुठल्याच कामाची नसलेली चित्रं काढली.

स्क्रीन नाही, प्रिव्ह्यू नाही, अनडू तर नाहीच. चित्र कसं आलंय हे पेन थांबल्यावर कळणार. (बिल्डला पाच मिनिटं लागली तर चिडचिड करणाऱ्यांनी, म्हणजे मीसुद्धा, याची नोंद घ्यावी. :))

उद्घाटनाला स्टुटगार्टच्या कला अकादमीतले चित्रकारही आले होते. नेस यांनी प्रोग्रॅम कसा चालतो ते समजावून सांगितलं आणि वातावरण तापू लागलं. त्या दिवसाची हकीकत फ्रीडर नाके यांनी नंतर अनेकदा सांगितली आहे. नाके हेही गणिती आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टुटगार्टमध्येच नेस यांच्याबरोबर स्वतःची चित्रं मांडणारे. ते सांगतात की चित्रकारांपैकी एकानं नेस यांना विचारलं, हे सगळं ठीक आहे, पण तुमचं यंत्र माझ्या हाताचं वळण काढून दाखवेल का?

मूळ शब्द आहे 'डुक्टुस'. लॅटिनमधून आलेला. पेन किंवा कुंचला चालवण्याची त्या त्या हाताची खास लकब. आपल्याकडे यासाठी 'वळण' हा किती नेमका शब्द आहे बघा. अक्षराला वळण असतं, हाताला असतं, आणि घरच्यांनी लावलेलं असतं तेही वळणच. चित्रकाराला म्हणायचं होतं ते उघड आहे: रेघा काय कोणीही मारेल, माझा हात कुठून आणशील?

नेस यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की हो, जमेल. फक्त तुमचं वळण नेमकं कशात आहे ते तुम्ही मला सांगा.

झालं! चित्रकार मंडळी भडकली, काही जण निघूनही गेली. बेन्सेंनी वातावरण निवळावं म्हणून या प्रकाराला 'कृत्रिम कला' असं वेगळं नाव देऊन टाकलं, म्हणजे तुमची ती खरी कला, आमची ही कृत्रिम. चित्रकारांचं त्यानं फारसं समाधान झालं नसावं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण ही तर आपली रोजची रिक्वायरमेंट मीटिंग झाली! क्लायंटला काय हवंय ते त्याला पक्कं माहीत असतं, फक्त सांगता येत नाही. "बघितल्यावर कळेल" हे त्याचं स्पेसिफिकेशन. नेस यांचं उत्तर उद्धट वाटतं, पण ते उद्धट नाही. यंत्राला काय जमतं हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. आपल्याला स्वतःबद्दल किती सांगता येतं, हा प्रश्न त्यांनी चित्रकारापुढे ठेवला. आणि मला वाटतं पुढची निदान पन्नास वर्षं डिजिटल कलेत जे जे चांगलं झालं, ते या प्रश्नाशी झटूनच झालं.

नेस यांचंच एक चित्र घ्या. 'शोटर', साधारण १९६८ सालचं. शोटर म्हणजे खडी. रस्त्यावर टाकतात ती. उभा कागद, त्यावर चौकोनांच्या २२ ओळी, प्रत्येक ओळीत १२ चौकोन. वरच्या ओळी शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या सरळ. खाली येत जावं तसे चौकोन थोडे कलतात, मग सरकतात, एकमेकांवर चढतात आणि तळाशी नुसता ढीग. डंपरनं खडी ओतावी तसा. लॉजिक आपल्या भाषेत लिहायचं तर एवढंच:

ओळ ० ते २१ साठी
रकाना ० ते ११ साठी
कल = ओळ × रँडम
सरक = ओळ × रँडम
चौकोन काढ

बास. (दोन्हीकडे एकेक छोटा गुणक लागेल, तो तुम्ही घाला.) पहिल्या वर्षाचं पोरगंही लिहील. सगळी करामत त्या 'ओळ ×' मध्ये आहे. तेवढं काढून टाकलं तर कागदभर सारखाच पसारा होतो आणि बघणारा दोन सेकंदांत पुढे जातो. ते ठेवलं की नजर वरून खाली घसरत जाते आणि नेमकं कुठल्या ओळीत बिनसलं हे शोधत बसते. ते सापडत नाही. आणि ही गुणाकाराची कल्पना कॉम्प्युटरची नाही, नेस यांची आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये मायकेल नोल नावाचा विशीतला इंजिनिअर हेच उद्योग करत होता. बेला युलेस या आपल्या सहकाऱ्याबरोबर त्यानं एप्रिल १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत प्रदर्शन मांडलं. नोलचे दोन किस्से सांगण्यासारखे आहेत.

पहिला असा. मोंद्रियानचं १९१७ सालचं एक चित्र आहे. पांढऱ्यावर फक्त आडव्या-उभ्या काळ्या छोट्या रेघा, आणि त्यांचा मिळून एक गोल. नोलनं कॉम्प्युटरकडून तसंच एक चित्र काढून घेतलं, रेघांच्या जागा आणि लांबी रँडम. मग दोन्ही चित्रांच्या झेरॉक्स प्रती बेल लॅब्जमधल्याच १०० लोकांना दाखवल्या. ५९ टक्के लोकांना कॉम्प्युटरचं चित्र जास्त आवडलं आणि कॉम्प्युटरचं कुठलं हे फक्त २८ टक्के लोकांना बरोबर ओळखता आलं. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी बरा निकाल आला असता! मोंद्रियानची मांडणी जास्त नेटकी होती, म्हणून लोकांना ती यंत्राची वाटली. विस्कटलेलं ते माणसाचं, असा त्यांचा हिशोब. या प्रयोगाचा दाखला आजही 'यंत्र जिंकलं' म्हणून दिला जातो. मला तो फारसा पटत नाही. झेरॉक्समध्ये रंगाचा थर गेला, आकार गेला, कुंचला गेला. हाताचं वळण आधीच धुऊन काढायचं आणि मग हात ओळखा म्हणायचं, हे काही खरं नाही.

दुसरा किस्सा कॉपीराइटचा, आणि तो आज जास्त कामाचा आहे. 'गाउशियन क्वाड्रॅटिक' या आपल्या चित्राचं कॉपीराइट नोंदवायला नोलनं १९६५ साली अर्ज केला. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या कार्यालयानं तो फेटाळला: हे यंत्रानं बनवलंय. नोलनं कळवलं की प्रोग्रॅम माणसानंच लिहिलाय. पुन्हा नकार: यात रँडमपणा आहे. नोलनं पुन्हा समजावलं की ते आकडे दिसतात रँडम, पण ते तयार करणारी पद्धत पूर्णपणे गणिती आहे, तिच्यात नशिबाचा भाग नाही. (स्युडो-रँडम म्हणजे काय हे सरकारी कार्यालयाला पत्रानं समजावून सांगणारा हा बहुधा पहिलाच माणूस.) शेवटी नोंदणी झाली.

आता २०२२ मध्ये या. कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत डिजिटल कलेच्या गटात जेसन अ‍ॅलन यांच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की ते मिडजर्नीवर केलेलं आहे. आपण निदान ६२४ वेळा प्रॉम्प्ट बदलून हे चित्र मिळवलं, असं अ‍ॅलन यांचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच कॉपीराइट कार्यालयानं यंत्रानं केलेल्या भागावर त्यांना हक्क द्यायला नकार दिला. मार्च २०२५ मध्ये स्टीफन थेलर यांच्या वेगळ्या खटल्यात अमेरिकेतल्या वरच्या कोर्टानंही सांगितलं की कॉपीराइटसाठी कर्ता माणूसच हवा.

नोलला मिळालं आणि अ‍ॅलनला नाही, हे वरवर पाहता अन्यायाचं वाटतं. ६२४ प्रॉम्प्ट म्हणजे कमी मेहनत नव्हे. पण नोलला अमुक रेघ तिथंच का आली हे विचारलं असतं तर तो प्रोग्रॅम उघडून ओळीवर बोट ठेवू शकला असता. अ‍ॅलन यांना ते शक्य नाही. मॉडेल बनवणाऱ्या कंपनीलाही नाही. प्रॉम्प्ट लिहिणारा चित्रकारापेक्षा त्या क्लायंटसारखा वागतो: हे नको, ते दाखवा, अजून थोडं गूढ करा, हां, आता बरं. आणि मॉडेलनं ते वळण कुठून आणलेलं असतं? लाखो लोकांच्या हातांची सरासरी काढून. नेस यांनी चित्रकाराला जे सांगायला लावलं होतं, ते आता कोणीच कोणाला सांगायची गरज उरलेली नाही. चित्र येतं. चांगलंही येतं. वळण नेमकं कशात आहे, हे मात्र चित्र मागणाऱ्याला तेव्हाही माहीत नसतं आणि नंतरही.

मी काही एआयविरोधी नाही हो, पोट त्यावरच चाललंय. पण हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो का वाटतो हे हॅरॉल्ड कोहेन यांच्याकडे बघून जास्त कळतं.

कोहेन हे इंग्लंडचे नावाजलेले चित्रकार. १९६६ च्या व्हेनिस बिएनालेत देशाचं प्रतिनिधित्व केलेले. ते १९६८ साली कॅलिफोर्नियात सॅन डिएगो विद्यापीठात गेले, तिथं चाळिशीत प्रोग्रॅमिंग शिकले आणि पुढे २०१६ मध्ये जाईपर्यंत 'आरॉन' नावाचा एकच प्रोग्रॅम लिहीत राहिले. चाळीसहून जास्त वर्षं एकच कोडबेस! आरॉनला दुसऱ्यांची चित्रं दाखवलेली नव्हती. बंद आकृती म्हणजे काय, आत आणि बाहेर म्हणजे काय, एका गोष्टीनं दुसरीला झाकलं तर काय करायचं, असे नियम कोहेन यांनी एकेक करून शब्दात पकडले आणि कोडमध्ये घातले. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं कासवासारखं छोटं यंत्र जमिनीवर पसरलेल्या कागदावर फिरत लोकांसमोर चित्रं काढत होतं.

रेघ जमली. रंग जमेना. कोहेन यांची चित्रकार म्हणून ख्याती होती ती रंगांसाठीच, आणि तेच त्यांना यंत्राला सांगता येईना! वर्षानुवर्षं आरॉननं काढलेल्या रेखाटनांत ते स्वतः हातानं रंग भरत बसले. अडचण समजण्यासारखी आहे. माणूस एक रंग लावतो, मागे सरतो, डोळे बारीक करून बघतो, शेजारचा रंग बदलतो. आरॉनला बघायला डोळेच नव्हते. कोहेन यांनी मग प्रोग्रॅम सी मधून लिस्पमध्ये नेला (लिस्पवाल्यांनी कॉलर ताठ करावी), आणि न बघता रंग ठरवायचा तर काय काय माहीत असावं लागेल याचे नियम रचले. १९९५ मध्ये बोस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये आरॉन स्वतः रंग कालवून चित्रं रंगवू लागला. स्वतःच्या हाताला जे तरुणपणीच येत होतं, ते शब्दात सांगायला या माणसाला वीसेक वर्षं लागली.

आता मला ज्यांच्याबद्दल मुळात लिहायचं होतं त्या बाई.

व्हेरा मोल्नार. जन्म १९२४, बुडापेस्ट. तिथल्याच कला महाविद्यालयात शिकल्या आणि १९४७ मध्ये पॅरिसला येऊन स्थायिक झाल्या. चौकोन, रेघा, वर्तुळं यांच्यापलीकडे फारसं काही काढावंसं त्यांना वाटलं नाही. १९५९ पासून त्यांनी एक पद्धत ठरवली आणि तिला नाव दिलं 'काल्पनिक यंत्र'. कॉम्प्युटर तर हाताशी नव्हता. मग त्यांनी आपल्याजवळ तो आहे असं समजून काम सुरू केलं. आधी नियम ठरवायचे, कुठले आकार, कुठल्या मर्यादेत, किती पायऱ्या. मग ते नियम मोडायचे नाहीत आणि निघतील ती सगळी चित्रं एकामागून एक हातानं काढायची. मनात आलं म्हणून एक रेघ इकडची तिकडे नाही. स्वतःच प्रोग्रॅमर आणि स्वतःच प्रोसेसर.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ज्यांच्या घरी ठिपक्यांच्या रांगोळीचं पुस्तक आहे त्यांना वाटू नये. '१५ ठिपके, ८ पर्यंत' एवढ्यावरून आपल्या आया-मावश्या अख्खी रांगोळी उभी करतात. मद्रासच्या गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये तमिळ कोलम रांगोळ्यांचं व्याकरण कॉम्प्युटर शास्त्राच्या भाषेत मांडून दाखवलंच आहे. पॅरिसमध्ये मोल्नार यांच्या ओळखीतले फ्रान्स्वा मोरले यांनी १९६० मध्ये ४०,००० छोट्या चौकोनांचं एक चित्र केलं. कुठला चौकोन निळा आणि कुठला लाल हे त्यांनी टेलिफोन डिरेक्टरीतल्या नंबरांचे आकडे सम आहेत की विषम यावरून ठरवलं. म्हणजे रँडम नंबर जनरेटर टपाल खात्याचा! आणि आपल्या मुंबईतही हे घडलंय. जे. जे. मध्ये शिकलेले अकबर पदमसी यांनी १९६९-७० च्या सुमारास नेहरू फेलोशिपवर 'सिझिजी' नावाची अ‍ॅनिमेशन फिल्म केली. पांढऱ्या-काळ्या रेघा आणि बिंदू, आकड्यांच्या ठरवलेल्या क्रमानुसार हलणारे. अ‍ॅनिमेशन राम मोहन यांचं. कॉम्प्युटर शून्य. पदमसींची निसर्गचित्रं सगळ्यांना माहीत असतात, ही फिल्म फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही.

असो. मोल्नारबाईंना १९६८ मध्ये पॅरिसमध्ये विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातला खरा कॉम्प्युटर वापरायला मिळाला. पंच कार्ड, फोरट्रान, प्लॉटर. वय ४४, स्वतःच शिकल्या. एकट्यानं मांडलेलं पहिलं प्रदर्शन थेट १९७६ मध्ये, लंडनला, बावन्नाव्या वर्षी. कलेतला माणूस तुम्ही घालवलात, हा आरोप त्यांनाही ऐकून घ्यावा लागला. त्यावर त्यांचं काम बघा असंच म्हणावं लागेल. एकात एक बसवलेले चौकोन, अशा चौकोनांची जाळी, आणि त्यातल्या काहींचे कोपरे किंचित हललेले. बाई त्याला 'एक टक्का अव्यवस्था' म्हणत. दहा टक्के केली तर पसारा दिसतो, शून्य ठेवली तर बाथरूमची फरशी. त्या एका टक्क्यानं चौकोन श्वास घेतल्यासारखे दिसतात. हा आकडा सापडायला किती कागद वाया गेले असतील याचा आपण फक्त अंदाज करायचा.

शेवटच्या काळात प्रसिद्धी मिळाली आणि तीही भरभरून. २०२२ च्या व्हेनिस बिएनालेत त्या ९८ व्या वर्षी सहभागी झाल्या. जुलै २०२३ मध्ये सदबीजनं त्यांच्या ५०० एनएफटी चित्रांची मालिका विकायला काढली, तासाभरात सगळी गेली, साधारण १२ लाख डॉलरना. (बाकी एनएफटी प्रकाराबद्दल माझं मत फार चांगलं नाही, पण ९९ व्या वर्षी हे बघायला मिळालं याचा आनंद वाटतो.) डिसेंबर २०२३ मध्ये, शंभरीला महिनाभर राहिला असताना त्या गेल्या.

या सगळ्यात त्यांची जी मालिका मला सोडत नाही ती १९८०च्या दशकातली आहे. 'आईची पत्रं'.

आई बुडापेस्टला, लेक पॅरिसला. आई दर आठवड्याला पत्र पाठवायची. त्या पत्रांच्या दिसण्याबद्दल मोल्नारनी नंतर, १९९५ मध्ये, 'लिओनार्डो' या नियतकालिकात लिहिलं. आईचं अक्षर फार सुंदर होतं, जुन्या हॅब्सबर्ग काळातल्या शिकलेल्या बायकांचं असायचं तसं टोकदार, गॉथिक वळणाचं. पण त्यात एक गंमत होती. प्रत्येक ओळ डावीकडे सुरू होताना शिस्तीत असायची आणि उजवीकडे जाता जाता अस्वस्थ व्हायची, शेवटी शेवटी तर झटका आल्यासारखी. वर्षं गेली तशी पत्रं पूर्णच विस्कटत गेली. शिस्त हळूहळू संपली आणि नुसती अव्यवस्था उरली. वाचायला कठीण, पण बघायला सुंदर. आणि एके दिवशी पत्रं यायची थांबली.

आपल्याकडे समर्थांनी दासबोधात अख्खा एक समास लेखनक्रियेवर लिहिला आहे, एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच. अक्षर कसं गोल आणि सुटं हवं, ओळी कशा समान हव्यात, भोवती किती जागा सोडावी. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं, ही त्यांची अपेक्षा. थोडक्यात वळणाचं स्पेसिफिकेशन. त्या मोजमापानं आईची पत्रं सपशेल नापास. ओळीच्या सुरुवातीचं अक्षर आणि शेवटचं अक्षर एका बाईचं वाटू नये इतका फरक. पण आपलं माणूस आपण नेमकं अशाच जागी ओळखतो ना? घरी कोणाची जुनी पत्रं, वाणसामानाच्या याद्या असतील तर काढून बघा. कित्त्यातल्यासारखी आलेली अक्षरं सोडून द्या. एखादा 'ळ' नेहमीच तिरका जातो, त्यावरून कळतं.

पत्रं थांबल्यावर मोल्नार यांनी ती स्वतःच स्वतःला लिहायला घेतली. कॉम्प्युटरवर. गॉथिक ते झटका हा प्रवास प्रोग्रॅममध्ये बसवला आणि प्लॉटरकडून पानंच्या पानं काढून घेतली. मला त्यांचा कोड माहीत नाही, पण चित्रं बघून लॉजिकचा अंदाज येतो. एक वरखाली होणारी रेघ, तिच्या गडबडीला गुणायचं डावीकडून किती दूर आलो त्यानं. वर नेस यांच्या खडीत 'ओळ ×' होतं तिथं इथं 'रकाना ×'. बाकी फरक शून्य! तोच गुणाकार. तिथं डंपरनं ओतलेली खडी दिसते आणि इथं एक म्हातारी बाई लेकीला पत्र लिहिताना दिसते, ओळीच्या शेवटी जिचा हात तिचं ऐकत नाहीये.

स्टुटगार्टच्या त्या चित्रकाराला स्वतःचं वळण सांगता आलं नाही, किंवा सांगावंसं वाटलं नाही. मोल्नार यांना आईचं सांगता आलं, कारण तसलं पत्र दर आठवड्याला पेटीत पडत होतं आणि त्या ते वाचण्याआधी बघत होत्या.

त्या कागदांवर एकही अक्षर नाही. हंगेरियन येत असो वा नसो, वाचण्यासारखं काही नाही. नुसत्या ओळी आहेत, डावीकडे शहाण्यासारख्या, उजवीकडे सुटलेल्या. गडबड ओळीत नेमकी कुठं सुरू करायची, हा आकडा त्यांना ठरवावा लागला असणार. थोडा अलीकडे घेतला तर ते कुणाचंही गिचमिड अक्षर, थोडा पलीकडे नेला तर कुठल्याही शिकलेल्या बाईचं. तो आकडा बरोबर आला की नाही हे तपासायला मूळ पत्रं वर्षानुवर्षं वाचलेली एकच व्यक्ती होती, आणि ती प्लॉटरशेजारी उभी होती.